ओळ कुठे संपते? सीआर, एलएफ आणि न मागता केलेली मदत

तुमचे तीन प्रॉब्लेम आधी एका जागी मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. एक, विंडोज लॅपटॉपवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर टाकली की 'बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल' म्हणून ओरडते, आणि ती स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्राम तर तिथे व्यवस्थित आहे. दोन, पायथनने सीएसव्ही लिहिली की एक्सेलमध्ये दर रांगेनंतर एक रिकामी रांग येते. तीन, नोडमध्ये (म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये) फाइल वाचून ओळी तोडल्या की शेवटच्या कॉलममधलं 'पुणे' काही केल्या 'पुणे'शी जुळत नाही, प्रिंट केलं तर दोन्ही अगदी सारखे दिसतात. आणि ऑफिसात कुणीतरी तुम्हाला सांगितलं की सगळीकडे बॅकस्लॅश-एन (\n, म्हणजे 'नवी ओळ') टाक, विषय संपला.

नाही संपत. म्हणजे बॅकस्लॅश-एन टाकायचंच आहे, ते बरोबरच आहे, पण तुमच्या तिन्ही ठिकाणी तुम्ही बॅकस्लॅश-एनच टाकलंय की! गडबड तुमच्या कोडमध्ये नाहीये, तुमचा कोड आणि डिस्क यांच्यामध्ये बसलेला कुणीतरी तुम्हाला न विचारता मदत करतोय तिथे आहे. वीस-एक वर्षं हे काम करतोय आणि ओळीच्या शेवटाचा जो जो बग बघितला त्यात एकच प्रश्न कामाला आला: बदल कुणी केला आणि कुठल्या दारावर केला? बाकीचं उत्तर म्हणजे या एकाच प्रश्नाचा पसारा आहे, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी बाइट बघू. फाइलमध्ये ओळ नावाची वस्तूच नसते, एकापुढे एक आकडे असतात फक्त. एका फाइलमध्ये पहिल्या ओळीत इंग्रजी आकडा सात आणि दुसऱ्या ओळीत आठ असं लिहून सेव्ह करा. लिनक्सवर डिस्कवर पडतं ५५ १० ५६ १०, चार बाइट. विंडोजवर पडतं ५५ १३ १० ५६ १३ १०, सहा बाइट. जुन्या मॅकवर, म्हणजे नऊ नंबरच्या सिस्टीमपर्यंत, ५५ १३ ५६ १३ पडायचं. १० म्हणजे एलएफ, लाइन फीड. १३ म्हणजे सीआर, कॅरेज रिटर्न. २००१ ला मॅक ओएस टेन आलं तेव्हापासून मॅक पण युनिक्सच्या पंगतीत बसला, त्यामुळे नुसता १३ आता क्वचित दिसतो, पण एखादं जुनं मशीन किंवा जुनं एक्सपोर्ट अजूनही तसली फाइल देतं आणि मग अख्खी फाइल एकाच ओळीत आहे असं तुमच्या प्रोग्रामला वाटतं.

दोन कॅरेक्टर का, तर ज्यांनी टायपिंगचा क्लास केलाय त्यांना सांगायला नको. टाइपरायटरवर ओळ संपली की डावीकडची दांडी ढकलायची, ती दोन कामं एकदम करते, कागद एक ओळ वर सरकवते आणि कॅरेज परत सुरुवातीला आणते. टेलिप्रिंटरमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या हुकमांवर टाकली होती. १९६३ साली अक्षरांना नंबर देणारं आस्की आलं, त्याच सुमाराला मॉडेल ३३ टेलिटाइप आलं, ते सेकंदाला १० अक्षरं छापायचं, म्हणजे एका अक्षराला सेकंदाचा दहावा भाग, आणि छपाईचं डोकं उजव्या टोकापासून डावीकडे यायला त्याहून जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी सीआर पाठवायचा, डोकं परतीच्या वाटेवर असताना एलएफ पाठवायचा, कागद सरकेपर्यंत डोकं पोचायला येतं. उलट क्रमाने पाठवलं तर पुढचं अक्षर वाटेतच कुठेतरी छापलं जाणार. काही ठिकाणी तर नंतर आणखी एक-दोन रिकामी कॅरेक्टर पाठवायचे, नुसता वेळ काढायला. म्हणजे आज तुमच्या सीएसव्हीत जे १३ १० आहे तो एका लोखंडी मशीनचा प्रवासभत्ता आहे.

युनिक्सच्या आधीची मल्टिक्स नावाची सिस्टीम होती, तिच्यावाल्यांनी ठरवलं की फाइलमध्ये एकच एलएफ ठेवायचा आणि मशीनला काय लागेल ते ड्रायव्हर बघून घेईल, युनिक्सने तेच उचललं. आजही लिनक्सच्या टर्मिनलवर तुमचा प्रोग्राम नुसता १० पाठवतो आणि टर्मिनलचा ड्रायव्हर त्याच्या आधी १३ घालतो. खोटं वाटत असेल तर टर्मिनल रॉ मोडमध्ये (ज्यात ड्रायव्हर हात लावत नाही) टाकून काहीतरी प्रिंट करा, ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जातात, कारण कागद खाली गेला पण कॅरेज मागे आलंच नाही. डॉसच्या आधीच्या सीपी/एम या सिस्टीममध्ये हे सगळं ड्रायव्हरवर टाकलं नव्हतं, फाइलमध्येच दोन्ही बाइट ठेवायचे, १९८१ ला डॉस आलं ते सीपी/एमच्या वळणावर गेलं, आणि विंडोजने वारसा पुढे चालवला. सीपी/एमची आणखी एक गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणारे: त्यात फाइलची साइज १२८ बाइटच्या हिशोबात धरायचे, नेमकी किती ते माहितीच नसायचं, म्हणून मजकूर इथे संपला हे सांगायला शेवटी २६ नंबरचा बाइट टाकायचे, कंट्रोल-झेड.

आता भाषा. सी पासून सुरू करतो कारण बाकी सगळ्यांच्या सवयी तिथून आल्यात. सी मध्ये बॅकस्लॅश-एन हे एक कॅरेक्टर आहे, आपल्या सगळ्या मशीनवर त्याची किंमत १०. पण फाइल उघडताना 'आर' किंवा 'डब्ल्यू' दिलं की ती टेक्स्ट मोडमध्ये उघडते, 'आरबी' 'डब्ल्यूबी' दिलं की बायनरी. लिनक्सवर दोन्हीत काहीच फरक नाही, म्हणून लिनक्सवर शिकलेली पोरं 'बी' लिहीतच नाहीत. विंडोजवर टेक्स्ट मोड म्हणजे मध्ये एक माणूस बसवल्यासारखं आहे: लिहिताना दिसेल त्या १० च्या आधी १३ घालतो, वाचताना १३ १० जोडी दिसली की १३ काढून टाकतो, आणि वाचताना २६ दिसला तर फाइल संपली असं जाहीर करतो. हो, अजूनही. सीपी/एमच्या जमान्यातला तो कंट्रोल-झेड.

यावरून माझा स्वतःचा किस्सा सांगतो, कारण तो आपल्याच लिपीत होऊ शकतो. नवीन होतो तेव्हा, एका साखर कारखान्यासाठी आम्ही शेतकऱ्यांच्या याद्यांचं काम करत होतो. यादी एक्सेलमध्ये, मराठीत. तेव्हा एक्सेलमधून साधी सीएसव्ही सेव्ह केली की मराठीची सगळी प्रश्नचिन्हं व्हायची, म्हणून 'युनिकोड टेक्स्ट' असा ऑप्शन निवडायचो, ती फाइल युटीएफ-१६ मध्ये पडते, दर अक्षराला दोन बाइट. माझं एक छोटंसं सी मधलं युटिलिटी होतं, विंडोजवर चालायचं, फाइल एका फोल्डरमधून उचलायची, बाइट-बाइट वाचून दुसरीकडे लिहायची आणि लॉग ठेवायचा, बस. फाइल उघडताना 'आर' आणि 'डब्ल्यू' लिहिलेलं, 'बी' नाही, मला काय माहिती.

हजारो शेतकऱ्यांच्या यादीतून पलीकडे पोचायच्या तीन-चार ओळी. त्यात हेडरची ओळ 'नाव, गाव' पर्यंत ठीक आणि शेवटचा 'ऊस' कॉलम गायब, त्याच्या जागी एक चौकोन आणि काहीतरी चिनी. कारखान्यातल्या सगळ्यांचं एकमत, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. आपल्याकडे मराठीचं काहीही बिघडलं की फॉन्टचाच प्रॉब्लेम असतो, तसा मीही दोन दिवस फॉन्ट टाकत बसलो. मग कंटाळून वेगवेगळ्या याद्या चालवल्या आणि बघितलं की प्रत्येक यादी वेगळ्या ओळीवर तुटतेय, पण तुटते ती नेहमी 'च' च्या आधी. कुठे चव्हाण, कुठे चिंचोली, आणि सगळ्यात जास्त वेळा सचिन. एकेकाळी सचिन आउट झाला की लोक टीव्ही बंद करायचे, इथे सचिन आला की फाइल बंद.

कारण आता तुम्हाला दिसलं असेल. युटीएफ-१६ मध्ये 'च' चे दोन बाइट म्हणजे २६ आणि ९. देवनागरीच्या सगळ्या अक्षरांचा वरचा बाइट ९, आणि 'च' चा खालचा नेमका २६. टेक्स्ट मोडला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात, त्याला वाटलं कंट्रोल-झेड आला, गाशा गुंडाळला. मी खूश होऊन वाचायच्या बाजूला 'बी' लावला, अख्खी फाइल आली, आणि आता एक ओळ बरी, एक ओळ चिनी, एक बरी, एक चिनी. 'ऊ' चे दोन बाइट १० आणि ९. लिहायच्या बाजूचा तो परोपकारी माणूस १० दिसला की आधी १३ घालत होता, मग तिथून पुढे सगळे बाइट एकाने सरकायचे, एका अक्षराचा अर्धा आणि पुढच्याचा अर्धा मिळून तिसरंच अक्षर. ओळ संपताना खरा १० यायचा, त्याच्या आधी आणखी एक १३ घुसायचा, की दोन सरकून पुन्हा जागेवर. जिथे ओळीत 'ऊ' नाही तिथे ओळीचा शेवटच सरकवायचा आणि पुढची ओळ नासायची. हेडरमध्ये तर 'ऊस' मधला 'स' संपल्यावर चक्क मल्याळम 'उ' उमटायचा, ९ आणि १३ हे बाइट शेजारी आले की तेच अक्षर होतं. आउटपुट फाइलची साइज मूळ फाइलपेक्षा किती वाढली ते मोजलं, ओळी अधिक यादीतले सगळे 'ऊ', एकही इकडेतिकडे नाही. दोन ठिकाणी 'बी' हे एक अक्षर टाकून काम झालं, आणि कारखान्याच्या यादीत 'ऊस' हा शब्द नसता तर मला कळायला आणखी किती दिवस गेले असते देव जाणे.

युटीएफ-८ मध्ये हे होत नाही, हे त्याचं मोठं सुख. तिथे देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात पण तिन्ही १२८ किंवा त्याच्या वरचे, त्यामुळे १० दिसला तर तो एलएफच, अक्षराचा तुकडा नाही. कुणी विचारलं मराठी फाइल कशात ठेवू तर बाकीची कारणं राहू द्या, हे एक पुरेसं आहे.

असल्या परोपकाराला वैतागलेले लोक जगात आधीपण होतेच. पीएनजी चित्राची कुठलीही फाइल उघडून पहिले आठ बाइट बघा: १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०. मधले ८० ७८ ७१ म्हणजे पी एन जी. पुढचं १३ १० २६ १० मुद्दाम ठेवलंय, सापळा म्हणून. वाटेत कुणी १३ १० चं १० केलं, किंवा नुसत्या १० चं १३ १० केलं, तर सही बिघडते आणि फाइल उघडतानाच कळतं की वाटेत कुणीतरी हात लावलाय. २६ तिथे असल्यामुळे डॉसमध्ये चुकून टाइप कमांडने दाखवली तर कचरा न ओकता तिथेच थांबते. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी फाइली पाठवायच्या एफटीपीचा आस्की मोड नक्की भोगलेला असणार, त्यात तर आख्खे फोटो आणि झिप फाइली वाटेत 'दुरुस्त' होऊन यायच्या.

आता तुमचा दुसरा प्रॉब्लेम, पायथन. पायथन ३ मध्ये साधं ओपन केलं की वाचताना १०, १३, १३ १० तिन्ही चालतात आणि तुमच्या हातात नेहमी बॅकस्लॅश-एनच येतं, आणि लिहिताना बॅकस्लॅश-एन चं त्या मशीनच्या रिवाजाप्रमाणे होतं, विंडोजवर १३ १०. इथपर्यंत छान. पण सीएसव्ही मॉड्यूलचा रायटर स्वतःच प्रत्येक रांगेशेवटी १३ १० लिहितो, त्याचं डीफॉल्टच ते आहे, कारण सीएसव्हीचा जो लिखित रिवाज आहे त्यात तसंच आहे. मग खाली बसलेल्या फाइल ऑब्जेक्टला त्यातला १० दिसतो, तो त्याच्या आधी आणखी एक १३ घालतो, डिस्कवर पडतं १३ १३ १०. एक्सेल म्हणतं एक ओळ पहिल्या १३ ला संपली, दुसरी १३ १० ला, झाली तुमची रिकामी रांग. दोघांनी स्वतंत्रपणे आमटीत मीठ घातलं. उपाय एवढाच की ओपन करताना न्यूलाइन हा पॅरामीटर रिकामी स्ट्रिंग द्यायचा, मग फाइल ऑब्जेक्ट हात लावत नाही आणि सीएसव्हीवाला एकटा बघतो. डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्याच उदाहरणात आहे हे, आणि तरी दर बॅचमधले निम्मे लोक विसरतात. वाचतानाही तेच द्या, नाहीतर कोटमधल्या मजकुरात जे ओळबदल असतात ते मूळ होते तसे राहत नाहीत.

आणि पायथनचा एक सापळा जो मला स्वतःला फार उशिरा कळला: स्प्लिटलाइन्स ही मेथड आणि फाइलवर फॉर लूप, दोघांची ओळीची व्याख्या वेगळी आहे. फॉर लूप वर सांगितलेल्या तिघांवरच तोडतो. स्प्लिटलाइन्स त्याशिवाय व्हर्टिकल टॅब, फॉर्म फीड, मेनफ्रेमकडून आलेला १३३ नंबरचा नेक्स्ट लाइन, युनिकोडचे लाइन सेपरेटर, पॅराग्राफ सेपरेटर, असे बरेच काय काय धरते. कुणीतरी पीडीएफमधून पत्ता कॉपी करून फॉर्ममध्ये चिकटवला आणि त्यात असला अदृश्य लाइन सेपरेटर आला की एका रेकॉर्डचे दोन होतात आणि ओळी मोजणारे दोन प्रोग्राम दोन उत्तरं देतात. फाइल फॉरमॅट पार्स करताना स्प्लिटलाइन्स वापरू नका, ती माणसाने लिहिलेल्या मजकुरासाठी ठीक.

तिसरा प्रॉब्लेम, नोडचं 'पुणे'. नोड फाइल वाचताना काहीच बदल करत नाही, जे बाइट आहेत ते देतो. फाइलमध्ये ओळी १३ १० ने संपत होत्या, तुम्ही बॅकस्लॅश-एन वर तोडलं, ओळीच्या शेवटी १३ तसाच चिकटून राहिला, शेवटच्या कॉलममध्ये 'पुणे' अधिक एक न दिसणारं कॅरेक्टर. प्रिंट केलं की टर्मिनलवर कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, बास, दिसत काहीच नाही. लेंग्थ प्रिंट करा, एकाने जास्त येईल. गंमत अशी की शेवटच्या कॉलममध्ये आकडा असता तर तुम्हाला हा बग दिसलाच नसता, कारण जावास्क्रिप्ट आकड्यात बदलताना कडेचा १३ गपचूप गाळतं, पायथनचा इंटही गाळतो, जावाचं पार्सइंट मात्र तिथेच एक्सेप्शन फेकतं. मला विचाराल तर जावाची ही खडूस वृत्ती बरी. तोडताना रेग्युलर एक्स्प्रेशन द्या ज्यात बॅकस्लॅश-आर (म्हणजे १३) ऐच्छिक आहे, म्हणजे बॅकस्लॅश-आर, प्रश्नचिन्ह, बॅकस्लॅश-एन. आणि फाइल मोठी असेल तर नोडचं रीडलाइन मॉड्यूल वापरा.

बाकीच्या भाषा भरभर उरकतो. जावात बफर्ड रीडरचं रीडलाइन तिघांनाही ओळ मानतं, पण प्रिंटलाइन मशीनप्रमाणे शेवट लिहितं, त्यामुळे विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवरच्या प्रोग्रामला द्यायची असेल तर प्रिंटलाइन टाळा आणि बॅकस्लॅश-एन स्वतः लिहा. जावा १५ पासून जे टेक्स्ट ब्लॉक आले त्यात सोर्स फाइल कशीही सेव्ह केलेली असो, आत एलएफच येतो. जावास्क्रिप्टच्या बॅकटिकवाल्या स्ट्रिंगमध्ये पण तसंच. गो तर बॅकटिकच्या स्ट्रिंगमधला १३ सरळ फेकून देतं. सी शार्पच्या ॲटवाल्या स्ट्रिंगमध्ये मात्र सोर्स फाइलमध्ये जे असेल तेच येतं, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने फाइल कशी उतरवली त्यावर तुमच्या स्ट्रिंगची लांबी ठरते, आणि मग 'माझ्या मशीनवर टेस्ट पास होते' हा वाद सुरू होतो ज्यात दोघंही खरं बोलत असतात. गोचा स्कॅनर आणि रस्टचं लाइन्स, दोन्ही १० वर तोडतात आणि त्याच्या आधीचा १३ काढून देतात, नुसत्या १३ ला ओळ मानत नाहीत. माझ्या मते हीच सगळ्यात शहाणी वागणूक आहे, वाचताना उदार, लिहिताना एलएफ.

पहिला प्रॉब्लेम, स्क्रिप्ट. फाइलच्या पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह आणि बॅशचा पाथ असतो. लिनक्सचं कर्नल ती ओळ १० पर्यंत वाचतं, त्यामुळे पाथच्या शेवटी १३ असेल तर तोही नावाचाच भाग. बिनमध्ये 'बॅश' आहे, 'बॅश-आणि-शेवटी-१३' नावाची फाइल नाही, म्हणून 'नो सच फाइल', आणि ते खरंच आहे. एररमध्ये पाथच्या शेवटी बहुतेक वेळा कॅरेट-एम (^M) असं दिसतं, ते म्हणजे तोच १३. डॉकरमध्ये विंडोजवरून बिल्ड केलेल्या इमेजमध्ये एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट 'सापडत नाही' म्हणते ते हेच, लोक तासन्‌तास पाथ तपासत बसतात.

ही स्क्रिप्ट तुम्ही एडिटरमध्ये एलएफ ठेवून लिहिली असेल, तर मग १३ आले कुठून? बहुतेक गिटने आणले. विंडोजवर गिट टाकताना इन्स्टॉलर विचारतो ओळींच्या शेवटांचं काय करू, आणि आपण नेक्स्ट नेक्स्ट करतो. डीफॉल्टला ऑटो-सीआरएलएफ चालू होतं: कमिट करताना (गिटमध्ये साठवताना) एलएफ, चेकआउट करताना (डिस्कवर उतरवताना) सीआरएलएफ, म्हणजे १३ १०. एकेकट्या मशीनची ही सेटिंग असते, म्हणजे टीममध्ये पाच जणांच्या पाच तऱ्हा. ती सेटिंग कुणाला बदलायला लावू नका. रेपोच्या, म्हणजे गिटमधल्या प्रोजेक्टच्या, मुळाशी गिट-ॲट्रिब्युट्स नावाची फाइल ठेवा, सुरुवातीला टिंब असलेली, आणि ती कमिट करा, ती सगळ्यांच्या वैयक्तिक सेटिंगच्या वरची असते. त्यात तीन ओळी पुरतात. पहिली, स्टार आणि पुढे टेक्स्ट बरोबर ऑटो. दुसरी, शेल स्क्रिप्टच्या एक्स्टेन्शनला टेक्स्ट आणि ईओएल (ओळीचा शेवट) बरोबर एलएफ. तिसरी, बॅच फाइलींना ईओएल बरोबर सीआरएलएफ, कारण विंडोजची बॅच फाइल नुसत्या एलएफवर कधी कधी लेबल शोधताना चुकते. चित्रं वगैरे गिट स्वतः ओळखतं, पण टेस्टसाठी ठेवलेल्या काही खास फाइली असतील तर त्यांना बायनरी म्हणून टाका.

आणि ही फाइल टाकल्यावर जुन्या फाइली आपोआप सुधारत नाहीत, गिट ॲड रीनॉर्मलाइझ टिंब, असं एकदा चालवावं लागतं. हे एकट्याचं वेगळं कमिट करा, त्यात दुसरा एकही बदल नको, आणि शक्यतो सगळ्यांच्या ब्रँच मर्ज झालेल्या असताना. मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी एका बगफिक्ससोबत केलं होतं, अख्ख्या रेपोतली प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती, खरा बदल दोन ओळींचा, आणि रिव्ह्यू करणाऱ्या आमच्या सीनियर बाईंनी नुसतं 'हे काय आहे?' एवढंच लिहिलं होतं. कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये आजही तिथे प्रत्येक ओळीवर माझं नाव येतं, मी न लिहिलेल्या बगसकट. डब्ल्यूचा फ्लॅग देऊन ब्लेम बघितलं तर स्पेसचे बदल वगळले जातात, पण ते लोकांना सांगत कुठे फिरणार.

फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीचं पण एक आहे. युनिक्सच्या रिवाजात एलएफ हा दोन ओळींमधला विभाजक नाही, तो ओळीचाच शेवटचा भाग आहे, तो नसेल तर ती ओळ पूर्ण नाही. म्हणून डब्ल्यूसी-एल ओळी मोजतं म्हणजे एलएफ मोजतं, शेवटचा नसेल तर एक ओळ कमी सांगतं. शेलमध्ये व्हाइल रीडचा लूप तर शेवटची अर्धवट ओळ सरळ खाऊन टाकतो, यादीतला शेवटचा माणूस गायब. दोन फाइली कॅटने जोडल्या की एकीची शेवटची आणि दुसरीची पहिली ओळ चिकटतात. गिट डिफमध्ये 'नो न्यूलाइन ॲट एंड ऑफ फाइल' येतं ते याच्यासाठी. एडिटरला सांगून ठेवा, सेव्ह करताना शेवटी एलएफ घाल म्हणून.

बॅच फाइलींसारखी आणखी एक जागा आहे जिथे नुसता एलएफ लिहून चालत नाही, नेटवर्कवरचे जुने प्रोटोकॉल. मेल पाठवताना, एचटीटीपीचे हेडर लिहिताना प्रत्येक ओळीशेवटी १३ १० च, मशीन कुठलंही असो. इथे 'कसंही चालतं' असं वागणारे सर्व्हर किती महागात पडतात ते डिसेंबर २०२३ मध्ये दिसलं. मेल संपली हे कळायला एका ओळीवर एकटं टिंब लागतं, दोन्ही बाजूंना १३ १०. काही सर्व्हर नुसत्या १० ने वेढलेलं टिंबसुद्धा शेवट मानायचे आणि काही तसंच पुढे ढकलायचे. दोन सर्व्हरचं मत वेगळं पडलं की एका मेलच्या पोटात दुसरी मेल घुसवता येते, दुसऱ्याच कुणाच्या नावाने. मेल पाठवायच्या प्रोटोकॉलला एसएमटीपी म्हणतात, म्हणून एसएमटीपी स्मगलिंग असं नाव पडलं त्याला, आणि बऱ्याच नावाजलेल्या मेल सॉफ्टवेअरना दुरुस्त्या काढाव्या लागल्या. वर मी वाचताना उदार राहा म्हटलं ते तुमच्या सीएसव्हीसाठी, दाराशी बसलेल्या मेल सर्व्हरसाठी नव्हे.

आता बघायचं कसं. डोळ्यांवर आणि एडिटरवर विश्वास ठेवू नका, एडिटर सगळं गोड करून दाखवतो. नोटपॅड उलट होता, २०१८ पर्यंत त्याला नुसता एलएफ कळायचाच नाही, लिनक्सची फाइल उघडली की सगळं एका ओळीत, तेव्हा निदान दिसायचं तरी. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात एलएफ किंवा सीआरएलएफ लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून बदलताही येतं, पण मिश्र फाइल असेल तर ते एकच काहीतरी दाखवतं. लिनक्सवर कॅटला मोठ्या ए चा फ्लॅग द्या, ओळीच्या शेवटी नुसतं डॉलर दिसलं तर एलएफ, कॅरेट-एम आणि मग डॉलर दिसलं तर सीआरएलएफ, दोन कॅरेट-एम दिसले तर तुमचा सीएसव्हीवाला प्रॉब्लेम. फाइल नावाची कमांड पण सांगते. रेपोसाठी गिट एलएस-फाइल्सला ईओएलचा फ्लॅग द्या, इंडेक्समध्ये काय आहे आणि डिस्कवर काय आहे दोन्ही शेजारी शेजारी छापतं, मी पहिलं तेच बघतो.

तुमच्या क्रमाने सांगायचं तर सर्व्हरवर आत्ता डॉस-टू-युनिक्स ही कमांड चालवून स्क्रिप्ट सुरू करून घ्या, नसेल तर टीआर कमांडने बॅकस्लॅश-आर उडवून नवीन फाइलमध्ये लिहा, त्याच फाइलवर परत लिहू नका, ती वाचायच्या आधीच रिकामी होते. मग लॅपटॉपवर गिट-ॲट्रिब्युट्स टाकून रीनॉर्मलाइझ, वेगळं कमिट, शुक्रवार सोडून. पायथनमध्ये न्यूलाइन रिकामी. नोडमध्ये तोडायची ओळ बदला, आणि 'पुणे'ची लेंग्थ आधी आणि नंतर प्रिंट करून बघा. चार यायला हवी, प, उकार, ण, मात्रा. पाच आली तर १३ अजून आत आहे.